कोट नको, बूट-पँट नीट हवेत: बिझनेस कॅज्युअल आणि स्मार्ट कॅज्युअल

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मागून वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. दारव्ह्याजवळचं गाव, जूनच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत रुजू व्हायचंय. मेलमध्ये लिहिलंय, सोमवार ते गुरुवार बिझनेस कॅज्युअल आणि शुक्रवारी स्मार्ट कॅज्युअल. घरी लग्नांच्या आहेरात आलेले चार-पाच शर्टपीस-पँटपीस पेटीत पडून आहेत. एक पांढरा शर्ट, एक गडद निळी जीन्स आणि कॉलेजच्या निरोप समारंभाला घेतलेला काळा ब्लेझर आहे. खर्चाला सहा हजार रुपये आहेत. ब्लेझर लागेल का, जीन्स चालेल का, पैसे कशावर घालू, आणि बँकेच्या शाखेत लागलेल्या बहिणीने काय घालावं, एवढं तुम्ही विचारलंय.

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. ब्लेझर लागणार नाही. जीन्स शुक्रवारी चालेल, बाकी चार दिवस नको. आणि पैसे आधी बुटांवर, मग पँटवर, उरले तर शर्टवर.

शिवणकामाच्या धंद्यात नोकरीला निघालेली मुलं नेहमी दिसतात. बहुतेक जण हाच क्रम उलटा धरतात. दोन-तीन ब्रँडेड शर्ट घेतात, खाली जुनीच चमकणारी पँट आणि टाच झिजलेले बूट. शर्ट कितीही चांगला असला तरी तो पोशाख मग उतरतो, कारण साधा सुती शर्ट नीट इस्त्री केला की महागाच्या शर्टाजवळ सहज उभा राहतो, पण वाईट बेतलेली पँट आणि कडक पडलेले बूट कशानेच झाकत नाहीत.

आता या दोन नावांचा गोंधळ. सगळ्यात वर सूट आणि टाय, सगळ्यात खाली टी-शर्ट, जीन्स आणि चप्पल. मधल्या दोन पायऱ्यांपैकी वरची बिझनेस कॅज्युअल, खालची स्मार्ट कॅज्युअल. बिझनेस कॅज्युअलमध्ये कोट आणि टाय गेले, बाकी सगळं जागच्या जागी राहिलं: कॉलरचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, तो पँटमध्ये खोचलेला, घडीची पँट किंवा चिनो, पट्टा आणि चामड्याचे बंद बूट. स्मार्ट कॅज्युअलमध्ये यातली एखादी गोष्ट सैल करायला मुभा असते. पँटच्या जागी गडद जीन्स, किंवा शर्टाच्या जागी कॉलरचा पोलो टी-शर्ट, किंवा बुटांच्या जागी स्वच्छ, साधे स्नीकर. एका वेळी एक सैल केली तर हमखास ठीक. दोन केल्या तर बाकीचं फार नीटनेटकं लागतं. तिन्ही एकदम केल्या की तो साधा सुटीचा वेश झाला. शुक्रवारी चुकणारे इथेच चुकतात: जीन्स, पोलो आणि स्नीकर, प्रत्येक गोष्ट सुटी सुटी चालणारी, पण तिन्ही एकत्र आल्यावर मित्रासोबत बाजाराला निघाल्यासारखं दिसतं.

चिनो म्हणजे जाड विणीच्या सुती कापडाची, खाकी, बदामी किंवा निळ्या रंगाची, कडक घडी नसलेली पँट. या सगळ्या प्रकारात तिला इतकं महत्त्व का, त्यालाही कारण आहे. ऑफिसात सूटऐवजी सैलसर कपडे घालण्याची चाल अमेरिकेत वाढत होती, पण नेमकं काय चालेल हे कंपन्यांनाच ठरवता येत नव्हतं. तेव्हा 1992 साली लेव्ही स्ट्रॉस कंपनीने ऑफिसातल्या कॅज्युअल कपड्यांची एक सचित्र मार्गदर्शिका काढून तिथल्या सुमारे 25 हजार एचआर व्यवस्थापकांना पाठवली. त्यांचा डॉकर्स हा ब्रँड खाकी पँटचाच होता. तेव्हापासून चिनो या पोशाखाच्या मधोमध आहे, आणि दोन्ही दिवशी चालणारी पँट तुम्हाला हवी असेल तर तीच.

काही गोष्टी मात्र ठिकाणावर अवलंबून आहेत. एकाच इमारतीत परदेशी ग्राहकांशी बोलणारा विभाग कडक असतो आणि कोड लिहिणारा विभाग सैल. बियाणं-कीटकनाशकाच्या कंपनीत तालुक्यावर फिरणारा माणूस बिझनेस कॅज्युअलमध्येही जाड तळव्याचे मजबूत बूट घालतो, कारण त्याला बांधावर जायचं असतं. म्हणून रुजू होण्याआधी ज्यांनी मेल पाठवला त्यांना फोन करून तीन प्रश्न विचारा: जीन्स कोणत्या दिवशी चालते, शर्ट खोचणं सक्तीचं आहे का, आणि बंद चामडी बूटच हवेत का. हे विचारण्यात कमीपणा नाही, एचआरला असे फोन रोज येतात. फोन लागला नाही तर पहिले दोन दिवस एक पायरी वर राहा: घडीची पँट, फिका शर्ट, बूट. त्या दोन दिवसांत बॉसकडे बघू नका, तुमच्याच कामाच्या, दोन-तीन वर्षं जुन्या लोकांकडे बघा. तुमची पातळी तीच.

आता पेटीतले पीस. तुमचा खरा पैसा तिथे आहे, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

प्रत्येक पीस दिवसा दारात, उन्हात धरून बघा. आहेराच्या पँटपीसमध्ये पॉलिस्टर जास्त असतं आणि काहींवर काचेसारखी चमक असते. ती चमक मांडवात शोभते, ऑफिसच्या पांढऱ्या दिव्याखाली मात्र डोळ्यांत भरते. चमकणारे, अंगातच नक्षी किंवा जाड रेघ असलेले पीस बाजूला ठेवा. मॅट दिसणारे करडे, नेव्ही निळे, गडद तपकिरी काढून घ्या. काळी पँट घेऊच नये असं नाही, पण काळ्यावर सुताचा प्रत्येक कण दिसतो आणि पाच-सहा इस्त्र्यांनंतर मांडीवर चकाकी येते. गडद करडी जास्त टिकते आणि जास्त शर्टांवर जाते.

शर्टपीस सुती आहे की मिश्र, हे पट्टीवर लिहिलेलं नसेल तर काठाचे चार धागे ओढून चुलीजवळ जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटांत चुरगळणारी राख होते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं, त्याची काळी कडक गुठळी होते. टेरीकॉटमध्ये, म्हणजे सूत आणि पॉलिस्टरच्या मिश्र कापडात, थोडी राख आणि थोडी गुठळी दोन्ही मिळतात. धागा चिमट्यात धरा, वितळलेलं पॉलिस्टर कातडीला चिकटून भाजतं. ही परीक्षा आपल्याकडे फार कामाची, कारण सुती धागा हवेतली आर्द्रता आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के धरतो आणि पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. मे-जूनमध्ये पारा 44-45 वर असताना पूर्ण पॉलिस्टरचा शर्ट पाठीला चिकटतो आणि घामाचा वास धरून ठेवतो. उलट शंभर टक्के सुती शर्ट दुपारपर्यंत चुरगळतो. रोज कडक इस्त्री होण्याची खात्री नसेल तर सूत जास्त असलेलं टेरीकॉट हा चांगला मधला मार्ग.

मग कापड पुरतं का ते मोजा. 58 इंच पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) पूर्ण बाह्यांच्या शर्टाला साधारण 1.60 मीटर आणि पँटला 1.20 ते 1.30 मीटर लागतं. 36 इंच पन्ह्याच्या शर्टाला सव्वादोन मीटर धरा. कंबर 38 च्या वर असेल किंवा उंची सहा फुटांच्या पुढे असेल तर पँटपीस अपुरा पडू शकतो. अशा वेळी टेलर माया, म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड, कमी ठेवून ओढाताण करून बसवतो आणि मग पँट पुढे सैल करायला जागाच राहत नाही. कमी पडत असेल तर तो पीस लहान भावाला द्या.

शिवायला टाकण्याआधी सुती आणि टेरीकॉट पीस साध्या पाण्यात रात्रभर भिजवा, न पिळता सावलीत वाळवा. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटू शकतं. 25 इंचांच्या बाहीत तीन टक्के म्हणजे पाऊण इंच, आणि तेवढ्याने कफ मनगटावरून वर सरकतो. कॉलर ताठ राहण्यासाठी आत घालायचं कडक कापड, म्हणजे बकरम, तेही चांगलं मागा. हलकं चिकटवायचं बकरम दोन-चार धुण्यांत सुटतं आणि कॉलरला फुगे येतात. फुगे आलेला शर्ट कितीही इस्त्री केला तरी सरळ होत नाही.

टेलरला “चांगलं शिवा” एवढंच सांगून चालत नाही. तो त्याच्या सवयीने कापतो. माप देताना हे स्पष्ट सांगा. शर्टाच्या खांद्याची शिलाई खांद्याच्या हाडाच्या टोकावर यावी, दंडावर उतरू नये. कॉलरची गुंडी लावल्यावर आत दोन बोटं जावीत. बाही मनगटाच्या हाडापर्यंत. मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर) फार खाली नको, नाहीतर हात वर केला की अख्खा शर्ट पँटमधून बाहेर येतो. खोचायच्या शर्टाची लांबी मागून सीट झाकेल इतकी हवी. शुक्रवारी बाहेर सोडून घालायचा शर्ट वेगळाच कापावा लागतो, त्याचा घेर पँटच्या चेनच्या मध्यापर्यंत येऊन थांबला पाहिजे. एकच शर्ट दोन्ही कामांना वापरायला गेलं की खोचल्यावर निसटतो किंवा सोडल्यावर झग्यासारखा दिसतो.

पँटचं माप ऑफिसचे बूट घालून द्या, म्हणजे बूट आधी घ्यावे लागतील. मोहरी, म्हणजे पँटच्या पायाच्या तळाचा घेर, साडेचौदा ते पंधरा इंच ठेवा. हल्ली मुलं बारा-साडेबारा मागतात. उभं राहून आरशात बरी दिसते, पण खुर्चीत बसलं की गुडघ्यावर ताणते, खिसे कानासारखे बाहेर येतात आणि पावसात ओली झाली की पोटरीला चिकटते. दहा तास बसायच्या नोकरीत सीट आणि आसन (दोन पायांमधला जोड) दोन्हीकडे श्वास घ्यायला जागा लागते. पँट शिवून झाल्यावर ती घालून दुकानातल्या स्टुलावर बसून बघा, मांडीवर चिमटीत एक इंच कापड आलं पाहिजे. लांबी अशी की पँट पुढून बुटाला हलकी टेकेल आणि मागून टाचेच्या वरच राहील. पावसाळ्यात अर्धा इंच लांब झालेली पँट पहिल्याच दिवशी चिखल उचलते. खाली दोन इंचांची दुमड आणि मागच्या शिलाईत एक इंच माया ठेवायला सांगा. वर्षभरात खाणावळीच्या जेवणाने अंग बदलतं, तेव्हा तीच पँट सोडवता येईल. पुढे चुण्या नकोत, किंवा जास्तीत जास्त एक.

आता बूट. एकच जोड घ्यायचा असेल तर गडद तपकिरी, नाडीचा, साध्या गोल टोकाचा. काळ्यापेक्षा तपकिरी का, तर तो करड्या आणि निळ्या पँटवर जातो, चिनोवर जातो आणि शुक्रवारी जीन्सवरही जातो. जीन्सवर काळा फॉर्मल बूट शाळेच्या गणवेशातला वाटतो. टोकदार किंवा चपट्या चौकोनी टोकाचे बूट घेऊ नका. बूट संध्याकाळी विकत घ्या, दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो. वरच्या भागावर अंगठा दाबून बघा: खऱ्या चामड्यावर बारीक सुरकुत्या पसरतात आणि अंगठा काढला की जातात, रेक्झिनवर नुसता खळगा पडतो. रेक्झिन वर्षभरात वाकतो तिथे सोलतं आणि मग पॉलिशही उपयोगाचं नाही. तळवा रबरी घ्या, जुलैत ओल्या फरशीवर चामडी तळवा घसरतो.

पट्टा बुटाच्याच रंगाचा, सव्वा ते दीड इंच रुंद, साध्या बकलचा. मोजे पँटच्या रंगाचे आणि बसल्यावर पायाची कातडी दिसणार नाही इतके उंच. पांढरे मोजे फक्त खेळाच्या बुटांवर.

आपल्या काळ्या मातीबद्दल वेगळं सांगायला हवं. ओल्या मातीचा थर बुटाला बसतो तेव्हा तो लगेच ओल्या फडक्याने पुसू नका, शिलाईत आणखी आत जातो. वाळू द्या, काडीने आणि ब्रशने झाडा, मग ओलसर कापड फिरवा. बूट भिजले असतील तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, आणि पंख्याखाली ठेवा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवले की चामडं कडक होऊन तडकतं. पूर्ण वाळल्यावरच पॉलिश लावा, दहा मिनिटं थांबून ब्रश मारा. गावावरून येता-जाता बूट पिशवीत ठेवा आणि रबरी चप्पल घाला. नागपुरातही खोलीपासून ऑफिसपर्यंत पाणी साचत असेल तर हेच करा, बूट ऑफिसच्या दारात बदला. असं करणारे तुम्ही एकटे नसाल.

शर्टांचे रंग: पांढरा आहेच, त्यावर एक फिका आकाशी आणि एक बारीक रेघेचा किंवा फिका गुलाबी. तीन पँट आणि तीन शर्ट यांच्या नऊ जोड्या होतात, महिनाभर कोणाच्या लक्षात येत नाही. पांढऱ्या शर्टाखाली पांढरं बनियान उठून दिसतं, त्यापेक्षा फिक्या करड्या किंवा कातडीच्या रंगाचं घ्या. बाह्यांचं बनियान असेल तर काखेतला घाम शर्टापर्यंत उशिरा पोचतो आणि तिथे पिवळे डाग कमी पडतात.

सहा हजारांचा हिशेब माझ्या अंदाजाने असा बसतो. बूट 2000 पर्यंत, पट्टा 400, मोज्यांचे तीन जोड 200. आहेरातल्या दोन पँट आणि एका शर्टाची शिलाई मिळून 1500 च्या आत. एक तयार चिनो 1000 आणि एक तयार आकाशी शर्ट 800. झाले 5900. शिलाईचे दर गावागावात वेगळे असतात, त्यामुळे थोडं इकडेतिकडे होईल. कमी पडलं तर तयार शर्ट सोडा आणि दुसरा शर्टही पीसमधूनच शिवून घ्या. बुटांत मात्र काटकसर करू नका.

इस्त्रीबद्दल. कपडा पूर्ण कडकडीत वाळू देऊ नका, किंचित ओलसर असताना इस्त्री करा. कॉलर मागच्या बाजूने, टोकांकडून मध्याकडे, मग कफ, बाह्या, शेवटी पुढा-पाठ. गडद पँट उलटी करून किंवा वर ओलसर मलमलचं कापड टाकून दाबा, म्हणजे चकाकी येणार नाही. गावी वीज नसताना कोळशाची इस्त्री वापरत असाल तर आधी जुन्या चिंधीवर फिरवून बघा. तिचा ताव कमी-जास्त होतो आणि टेरीकॉट क्षणात आक्रसतं. भोकांतून राख उडते, म्हणून पांढरा शर्ट तिच्यावर शक्यतो नको.

शुक्रवारसाठी तुमची गडद जीन्स पुरेशी आहे, फाटकी किंवा मांडीवर पांढरी पडलेली नसेल तर. वर आकाशी शर्ट खोचून, खाली तेच तपकिरी बूट. पुढे पगार झाल्यावर एक पोलो आणि साधे पांढरे स्नीकर घ्या. खादीचा शर्ट हा शुक्रवारचा फार चांगला पर्याय आहे, उन्हाळ्यात तर त्याला तोड नाही. वर्ध्याला कधी गेलात तर मगन संग्रहालयाच्या दुकानात नैसर्गिक रंगातली खादी बघा. खादीला मात्र खळ लागते, नाहीतर दुपारी ती गळून पडते. काळा ब्लेझर जीन्सवर घालू नका. तो सूटमधला अर्धा भाग वाटतो. एखाद्या मुलाखतीसाठी किंवा समारंभासाठी राहू द्या.

आता बहिणीचं. बँकेची शाखा तुमच्या ऑफिसपेक्षा थोडी कडक, कारण समोर ग्राहक बसलेला असतो. तिच्यासाठी गुडघ्याखाली येणारा सरळ सुती कुर्ता आणि त्यावर सुती सरळ पँट हा पूर्ण बिझनेस कॅज्युअल वेश आहे. पाश्चात्त्य शर्ट-ट्राउझर घालायलाच हवं असं नाही. चूक होते ती लेगिंगमध्ये. बसल्यावर कुर्त्याची चीर उघडते आणि पातळ लेगिंग गुडघ्यावर पारदर्शक होते. म्हणून चीर कमरेपासून नको, मांडीच्या मध्यापासून ठेवायला सांगा, आणि खाली लेगिंगऐवजी पँट. ओढणी घ्यायची असेल तर दोन्ही खांद्यांवर पिन करून, नाहीतर ती काउंटरवरच्या कागदांत, शिक्क्यांत अडकते. जरी, टिकल्या, आरसे लावलेले ड्रेस शुक्रवारीही नकोत, सणाच्या दिवशी शाखेत सगळेच घालतात तेव्हा घालावेत. साडी नेसायची असेल तर काठाची सुती. भंडाऱ्याकडची कोसा साडीही शोभते, पण रोजच्या धुण्याला ती जड जाते. चप्पल मागून पट्टा असलेली, टाच दीड-दोन इंचांपेक्षा उंच नको, आणि घुंगरांचे पैंजण काढून ठेवलेले बरे, शांत शाखेत प्रत्येक पावलाला आवाज होतो. नवीन ड्रेस शिवून आला की तिने घरीच तो घालून खुर्चीत दहा मिनिटं बसावं, खाली पडलेला पेन उचलून बघावा आणि वरच्या कप्प्यातली फाइल काढायला हात उंच करून बघावा. जिथे ताणेल किंवा उघडं पडेल ते रुजू होण्याआधी टेलरकडून दुरुस्त करून घेता येतं. तुम्हीही शिवून आलेल्या पँटवर तेच करा, आणि त्यासाठी कपडे निदान पंधरा दिवस आधी शिवायला टाका. जूनमध्ये शाळेच्या गणवेशांची गर्दी असते, उशीर केला तर टेलर घाईत कापतो.